दागिन्यातले सोने पारखताना

एक अंगठी १८ कॅरटची भरीव आणि दुसरी पितळेवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेली, अशा दोन नव्या अंगठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर बहुतेकांच्या डोळ्यांत दुसरीच भरते. मुलाम्याचा थर अनेकदा जवळजवळ चोख सोन्याचा असतो, म्हणून त्याचा पिवळेपणा गडद दिसतो. १८ कॅरटच्या अंगठीत मात्र एक चतुर्थांश वजन चांदी-तांब्याचे असल्यामुळे तिचा रंग थोडा फिका वाटतो. म्हणून सोने विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी रंगावरचा आपला विश्वास काढून घ्यावा, असे मला वाटते. त्याऐवजी दागिन्याच्या वजनात चोख सोने किती आहे, ते आरपार सारखे आहे की फक्त पृष्ठभागावर आहे, आणि जो आकडा सांगितला जातो त्यामागे कोणाची तपासणी आहे, याचा छडा लावावा. बरेच जण पहिल्या प्रश्नाशीच थांबतात. फसगत मात्र बहुधा पुढच्या दोन प्रश्नांत होते.

कॅरट आणि हजारातले भाग

कॅरट म्हणजे वजनाच्या २४ भागांपैकी सोन्याचे भाग किती, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. २२ कॅरटच्या दागिन्यात २२ भाग सोने आणि २ भाग हीण असते, तर १८ कॅरटमध्ये १८ भाग सोने आणि ६ भाग हीण. हीण हा शब्द इथे तुच्छतेने घेऊ नये. सोन्यात जाणूनबुजून मिसळलेल्या चांदी, तांबे, जस्त यांसारख्या धातूंना हीण म्हणतात, आणि दागिना वापरण्याजोगा होतो तो त्यांच्यामुळेच.

हेच प्रमाण हजारात मांडले की दागिन्यावर कोरलेले आकडे समजू लागतात. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६६, म्हणून २२ कॅरटवर ९१६ असा छाप असतो. १८ कॅरटवर ७५०, १० कॅरटवर ४१७ आणि ९ कॅरटवर ३७५ असतो. २० कॅरटचे ८३३ आणि २१ कॅरटचे ८७५ होतात. १४ कॅरटचा हिशेब काटेकोरपणे ५८३ येतो, पण छाप बहुतेक ठिकाणी ५८५ असतो, म्हणजे तिथे सोने नेमक्या १४ कॅरटपेक्षा किंचित अधिक भरते. २४ कॅरटसाठी १००० हा आकडा वापरत नाहीत, कारण शंभर टक्के शुद्ध धातू व्यवहारात मिळत नाही. तिथे ९९९ किंवा ९९९.९ असे लिहितात. कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यावर चार नऊ दिसतात ते याच हिशेबाने.

कॅरट हा शब्द ग्रीक भाषेतल्या कॅरॉब झाडाच्या शेंगेच्या नावावरून आला. आपल्याकडे गुंज जशी वजनाला वापरत, तसे त्या झाडाचे बी भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात तराजूत घालत. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सॉलिडस नावाचे सोन्याचे नाणे पाडले, त्याचे वजन अशा २४ बियांइतके, म्हणजे २४ सिलिक्वा धरले जाई, आणि शुद्धतेच्या २४ भागांचे मूळ तिथे सांगितले जाते. रत्नांच्या वजनाचा कॅरट याच शब्दापासून निघाला असला तरी तो वेगळा आहे. तिथे एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. हिऱ्याच्या अंगठीत आतल्या बाजूला एकीकडे ७५० आणि दुसरीकडे ०.२५ असे दोन आकडे दिसले, तर पहिला सोन्याचा कस सांगतो आणि दुसरा हिऱ्याचे वजन. ब्रिटनमध्ये दोन्हींसाठी सीटी ही एकच अक्षरे वापरतात, तर अमेरिकेत सोन्यासाठी के हे अक्षर राखून ठेवले आहे. हा फरक ठाऊक नसला की घोटाळा होतो.

आकडा कळला की पुढचे गणित सोपे आहे. दागिन्याचे सोन्याचे वजन गुणिले हजारातले प्रमाण म्हणजे त्यातले चोख सोने. १२ ग्रॅमच्या २२ कॅरट साखळीत साधारण ११ ग्रॅम सोने असते, १४ ग्रॅमच्या १८ कॅरट साखळीत साडेदहा ग्रॅम. म्हणजे हाताला जड लागणारी साखळी सोन्याच्या दृष्टीने हलकी असू शकते. दोन दागिन्यांची तुलना करताना एकूण वजने न लावता हे चोख वजन कागदावर काढून लावावे. दक्षिण आफ्रिकेत १९६७ पासून पाडले जाणारे क्रुगरँड नाणे या गणिताचा उत्तम नमुना आहे. ते २२ कॅरटचे असूनही त्यात पूर्ण एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चोख सोने असते, आणि ते साधण्यासाठी नाण्याचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम ठेवले आहे. वरचे पावणेतीन ग्रॅमहून थोडे अधिक तांबे आहे, आणि नाण्याला येणारी लालसर छटा त्याचीच.

किती कॅरट घ्यावे

जास्त कॅरट म्हणजे जास्त चांगला दागिना, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. चोख सोने मऊ असते. कठीणपणा एक ते दहात मोजणाऱ्या मोस मोजपट्टीवर ते जेमतेम अडीच भरते, म्हणजे तांब्यापेक्षाही कमी. २४ कॅरटची पातळ कडी बोटांनी वाकते, आणि त्यात बसवलेला खडा धरून ठेवणाऱ्या नख्या महिन्यागणिक सैल होत जातात. वळी, नाणी, क्वचित वापरायचा साधा जाड दागिना यांना ते शोभते. अलीकडे विजेच्या साहाय्याने साच्यावर धातूचा थर चढवून घडवलेले ९९९ कसाचे कठीण सोनेही मिळते. ते ओरखड्यांना बऱ्यापैकी तोंड देते, पण असे दागिने आतून पोकळ असतात आणि चेपले तर दुरुस्त करणे अवघड जाते.

२२ कॅरटमध्ये पिवळा रंग आणि घडवण्यातला लवचीकपणा दोन्ही मिळतात, म्हणून साखळ्या, बांगड्या आणि नक्षीकामाच्या साध्या दागिन्यांसाठी ते योग्य आहे. मौल्यवान खडा बसवायचा असेल आणि दागिना रोज वापरायचा असेल, तर माझा कौल निःसंकोच १८ कॅरटला आहे, कारण हरवलेल्या हिऱ्याची किंमत कमी कॅरटमुळे कमी झालेल्या सोन्यापेक्षा कितीतरी जास्त असते. हाताने खूप काम करणाऱ्याच्या अंगठीला १४ कॅरटही चांगले. ९ आणि १० कॅरटमध्ये मात्र सोने निम्म्याहून कमी असते. तो दागिना कठीण असतो, पण त्यातले तांबे-चांदी घामाने आणि हवेने काळवंडते आणि काहींच्या कातडीवर हिरवट-काळा डाग उमटतो. असा दागिना आवडला म्हणून घेण्यात काही वावगे नाही, ठेव म्हणून मात्र तो घेऊ नये.

रंगाचे प्रकार

पिवळे, गुलाबी, पांढरे, हिरवट, हे सगळे सोन्याचे रंग हिणाने ठरतात. कॅरट त्यांपैकी कशातही तेच असू शकते. १८ कॅरटच्या पिवळ्या सोन्यात उरलेले २५ टक्के साधारणपणे चांदी आणि तांब्यात जवळपास सारखे वाटलेले असतात. तांब्याचा वाटा २२ टक्क्यांच्या आसपास नेला की गुलाबी सोने तयार होते, सगळेच २५ टक्के तांबे घातले की लाल. चांदीच चांदी घातली तर हिरवट झाक येते. ॲल्युमिनियमबरोबरचे जांभळे सोनेही असते. त्यात सुमारे ७९ टक्के सोने असते, पण ते काचेसारखे ठिसूळ असल्याने त्याची कडी किंवा साखळी करता येत नाही. ते खड्यासारखे बसवतात. गुलाबी सोने पिवळ्यापेक्षा हलक्या प्रतीचे असते असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. दोन्हींवर ७५० असेल तर दोन्हींत सोने तेवढेच.

पांढऱ्या सोन्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घेणाऱ्याला दुकानात दिसतो तो बहुधा सोन्याचा रंग नसतोच. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून त्याचा पिवळेपणा मारतात, पण तो पूर्णपणे जात नाही. उरते ती करड्या-पिवळसर छटेची धातू. तिच्यावर ऱ्होडियम या शुभ्र, कठीण धातूचा अतिशय पातळ थर चढवतात, आणि आरशासारखी चमक दिसते ती त्या थराची. काही वर्षे रोज वापरलेली पांढऱ्या सोन्याची अंगठी उलटी करून तळव्याकडची बाजू खिडकीच्या उजेडात पाहावी. तिथे, जिथे बोट प्रत्येक दांड्याला आणि पिशवीच्या बंदाला घासते, ऱ्होडियम झिजून आतला पिवळसर रंग वर आलेला असतो, आणि वरची, खड्याजवळची बाजू अजून शुभ्र असते. पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटते की आपण फसवले गेलो. खरे तर सोने तेच आहे, फक्त थर पुन्हा चढवून घ्यावा लागतो, आणि ते काम काही वर्षांनी पुन्हा पुन्हा करावे लागणार हे घेण्याआधीच विचारून ठेवावे.

याच सोन्यात निकेल आहे की पॅलेडियम, हेही विचारावे. निकेलने अनेकांच्या कातडीला खाज येते, पुरळ उठते, आणि एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. म्हणूनच युरोपीय संघाने १९९४ च्या नियमाने कातडीला दीर्घकाळ चिकटून राहणाऱ्या वस्तूंमधून निकेल किती सुटावे यावर बंधन घातले. कान नुकतेच टोचले असतील तर निकेलयुक्त पांढरे सोने टाळणेच बरे. पॅलेडियमचे पांढरे सोने महाग पडते, पण निकेल ज्याला मानवत नाही त्याने तेच घ्यावे.

मुलामा, पत्रा आणि पोकळपणा

सोने आरपार आहे की वरवर, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा दागिन्यावर लिहिलेले असते, पण ते बारीक अक्षरांत आणि आद्याक्षरांत असते. जीपी किंवा जीईपी म्हणजे सोन्याचा मुलामा, एचजीई म्हणजे विजेने चढवलेला जाड मुलामा, आरजीपी म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला धातू, आणि जीएफ म्हणजे त्याहून जाड पत्रा. यांच्या आधी १८के किंवा १४के असे लिहिलेले असते, आणि घाईत पाहणाऱ्याची नजर तेवढेच वाचून थांबते. १८के जीपी याचा अर्थ १८ कॅरटचा दागिना असा होत नाही. १८ कॅरट सोन्याचा लेप, असा होतो.

अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे १/२० १४के जीएफ असे लिहिलेल्या साखळीत १४ कॅरट सोन्याचा पत्रा एकूण वजनाच्या विसाव्या भागाइतका असतो. दहा ग्रॅमच्या साखळीत तो अर्धा ग्रॅम झाला, आणि त्यातले चोख सोने ०.२९ ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या १४ कॅरटच्या खऱ्या साखळीत ते ५.८५ ग्रॅम असते. तरीही अशी साखळी टिकते, कारण दाबून बसवलेला पत्रा साध्या मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड असतो. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्याला व्हर्मे म्हणतात. तिथे ९२५ हा आकडा दिसतो, आणि तो चांदीचा असतो. अमेरिकी मार्गदर्शक नियमांनुसार व्हर्मेवरचा थर किमान अडीच मायक्रॉनचा हवा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऐकायला हे बरे वाटते. पण सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या अंगठीवर अडीच मायक्रॉनचा थर म्हणजे जेमतेम ३० मिलिग्रॅम सोने. अशा वस्तूला शोभेची वस्तू म्हणूनच किंमत द्यावी.

खऱ्या सोन्याच्या दागिन्यातही आत काय आहे ते पाहावे लागते. पोकळ बांगडी दिसायला भरदार आणि वजनाला हलकी असते. यात लबाडी नाही, मात्र ती चेपते, आणि आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. काही दागिन्यांत पोकळी लाखेने किंवा मेणाने भरतात, आणि ती भर सोन्याच्या वजनात धरली गेली तर नुकसान मोठे होते. म्हणून खडे, लाख, मोती, दोरा यांचे वजन वजा करून निव्वळ सोन्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे.

सांध्यांचाही विचार करावा लागतो. तुकडे जोडायला वापरायचा डाक हा दागिन्यापेक्षा कमी तापमानाला वितळणे भाग असते, नाहीतर जोडताना दागिनाच वितळेल. त्यासाठी पूर्वी सोन्यात कॅडमियम मिसळत, आणि केडीएम हे नाव त्यावरूनच रूढ झाले. ती सोन्याची वेगळी जात नव्हे, जोडकामाची एक पद्धत होती. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे जोडकामाच्या आचेवर त्याची वाफ होते, आणि ती घडवणाऱ्याच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. त्यामुळे त्याची जागा आता जस्तासारख्या धातूंच्या मिश्रणांनी घेतली आहे. केडीएम असल्याचे कोणी भूषण म्हणून सांगत असेल, तर त्यातून कसाची हमी मिळत नाही.

छाप वाचताना

आकडा कोरणे कोणालाही जमते. प्रश्न तो कोणी कोरला हा असतो. इंग्लंडमध्ये १३०० सालच्या कायद्याने बिबट्याच्या मुखाचा छाप सुरू झाला, आणि पुढे १४७८ च्या सुमारास तपासणी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये होऊ लागली, त्या हॉलवरून हॉलमार्क हा शब्द आला. या पद्धतीचे मर्म असे की घडवणारा आणि विकणारा यांच्याशी संबंध नसलेली तिसरी संस्था दागिना तपासते. ब्रिटनमध्ये आजही दागिन्यावर घडवणाऱ्याची किंवा पाठवणाऱ्याची अक्षरे, हजारातला कस आणि तपासणी कार्यालयाचे चिन्ह असे तीन छाप लागतात. लंडनचे बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा गुलाब आणि एडिंबरोचा किल्ला ही ती चिन्हे. फ्रान्समध्ये १८ कॅरटसाठी गरुडाच्या डोक्याचा छाप असतो. भारतात हॉलमार्क झालेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक येतो. १९७२ च्या व्हिएन्ना करारात सहभागी देश तराजूचे चित्र असलेला एकमेकांचा समान छाप मान्य करतात.

अमेरिकेत मात्र सरकारी तपासणी सक्तीची नाही. तिथे १९०६ चा कायदा आहे, कस घडवणाराच कोरतो, आणि १९६१ च्या दुरुस्तीनुसार त्याला शेजारी आपले नोंदवलेले व्यापारचिन्ह द्यावे लागते. त्यामुळे नुसता १४के असा एकटा छाप दिसला आणि सोबत कोणाचेही चिन्ह नसले, तर शंका घ्यावी. किती तफावत चालते तेही देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकी कायद्यात हजारात तीन भागांची, आणि डाक असलेल्या वस्तूत सात भागांची सूट आहे. ब्रिटनमध्ये कस छापापेक्षा खाली गेलेला चालत नाही. फार हलक्या वस्तूंना बऱ्याच देशांत छापातून सूट असते, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी सोन्याला. म्हणून इवल्याशा कर्णफुलावर छाप नसणे हा लबाडीचा पुरावा मानू नये.

छाप पाहायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. अंगठीत तो आतल्या बाजूला असतो, साखळीत कडीजवळच्या चपट्या पट्टीवर, कर्णफुलात दांडीवर. भिंगाखाली पाहताना तीन-चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. अक्षरांच्या कडा धातूत सफाईने उतरलेल्या आहेत की ओतकामात उमटल्यासारख्या गोलसर आणि दाणेदार आहेत? छापाभोवती चौकोनी शिवण किंवा वेगळ्या रंगाची रेषा दिसते का? दिसली, तर खऱ्या जुन्या दागिन्याचा छाप असलेला तुकडा कापून दुसऱ्यात डकवलेला असण्याची शक्यता आहे. छापाजवळ किंवा कडेला झिजलेल्या जागी आतून लाल किंवा पांढरा धातू डोकावतो का? आणि साखळीच्या कडीवर छाप असला तरी साखळीवरही तो आहे का? सोन्याची कडी मुलाम्याच्या साखळीला लावलेली असू शकते. कर्णफुलांच्या फिरक्यांबाबतही हीच दक्षता घ्यावी.

घरी काय तपासता येते

लोहचुंबकाला सोने चिकटत नाही, हे खरे. पण तांबे, चांदी आणि पितळही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने फक्त लोखंड उघडे पडते. आणि साखळीच्या कडीजवळ चुंबकाने थोडी ओढ दाखवली तर दचकू नये, कारण कडीच्या आत पोलादी स्प्रिंग असते. दाताने चावून पाहणे तर सोडूनच द्यावे. त्याने दातही दुखतो आणि दागिन्यावर खूण पडते, आणि शिसे सोन्याहूनही मऊ असल्यामुळे खूण पडली म्हणून ते सोने ठरत नाही.

घरच्या घरी करण्याजोगी खरी उपयुक्त चाचणी घनतेची आहे. चोख सोन्याची घनता घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, चांदीची १०.५, तांब्याची सुमारे ९ आणि पितळेची साडेआठच्या आसपास, असा हा प्रचंड फरक आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा. आधी दागिना कोरडा तोलावा. समजा तो ६.२० ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा, दागिना बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबकळता धरावा, आणि काट्यावरचा आकडा वाचावा. दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे ते वजन असते, म्हणजेच दागिन्याचे घनसेंटिमीटरमधले आकारमान. आकडा ०.४० आला, तर ६.२० भागिले ०.४० म्हणजे साडेपंधरा. हे १८ कॅरटच्या पिवळ्या सोन्याशी जुळते. ०.३५ आला असता तर घनता १७.७ निघाली असती, म्हणजे २२ कॅरट, आणि ०.७३ आला तर ते पितळ समजावे. दागिन्याला चिकटलेला एखादा हवेचा बुडबुडा सगळे गणित बिघडवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून दागिना हलवून घ्यावा आणि मोजणी तीनदा करावी. इतक्या छोट्या वस्तूत काट्याची ०.०१ ग्रॅमची चूकही उत्तर अडीच टक्क्यांनी हलवते, त्यामुळे दागिना जितका जड तितका निकाल भरवशाचा.

ही चाचणी खडे असलेल्या, पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला लागू पडत नाही. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५ म्हणजे जवळपास सोन्याइतकीच असल्यामुळे जाड वळ्यांत आणि लगडींत टंगस्टन भरून केलेली फसवणूक तिला पकडता येत नाही. पण रोजच्या साध्या दागिन्यात पितळ आणि सोने वेगळे करायला ती पुरेशी आहे.

तज्ज्ञांकडच्या तपासण्या

सर्वांत जुनी रीत काळ्या दगडाची, म्हणजे कसोटीची. दागिना दगडावर घासून रेघ उमटवतात, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढतात, आणि दोन्हींवर आम्ल टाकून कोणती किती टिकते ते पाहतात. सरावलेल्या हाताला त्यातून कसाचा चांगला अंदाज येतो, तरी तो अंदाजच असतो, आणि वरचा थर जाड असेल तर रेघही वरच्या थराचीच उमटते. घरी नायट्रिक आम्ल हाताळण्याच्या भानगडीत पडू नये.

सध्या बऱ्याच ठिकाणी क्ष-किरणांच्या यंत्रावर दागिना ठेवून काही सेकंदांत सोने, चांदी, तांबे यांची टक्केवारी दाखवतात. दागिन्याला ओरखडाही पडत नाही, ही त्याची मोठी सोय. पण हे यंत्र पृष्ठभागाखालचे काही मायक्रॉनच पाहते. जाड मुलाम्याखालचा धातू त्याला दिसेलच असे नाही, आणि पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा थर असला तर आकडे त्यानेही बदलतात. म्हणून तपासणी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातली एक झिजलेल्या जागी आणि एक कडीवर करायला सांगावी, आणि यंत्राच्या पडद्यावरचे आकडे स्वतः पाहावेत.

अंतिम निवाडा अग्निपरीक्षेचा. सोन्याचा लहानसा नमुना तोलून त्यात साधारण अडीच ते तीन पट चांदी घालतात, तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत हजार अंशांहून जास्त तापवतात. शिसे आणि तांब्यासारखे हीण धातू ऑक्साइड होऊन मुशीत शोषले जातात, आणि सोने-चांदीचा मणी उरतो. तो चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळून जाते आणि चोख सोने मागे राहते. ते तोलले की कस कळतो. आंतरराष्ट्रीय मानक ११४२६ मध्ये हीच पद्धत सांगितली आहे. तिच्यात नमुना खर्ची पडतो, म्हणून ती सगळ्या दागिन्यांवर करत नाहीत. पण मोठ्या व्यवहारात किंवा वाद उद्भवला तर तिचाच आग्रह धरावा.

पैसे देण्याआधी

पावतीवर दागिन्याचे वर्णन, हजारातला कस, एकूण वजन, खड्यांचे वजन, निव्वळ सोन्याचे वजन आणि घडणावळ हे सगळे स्वतंत्र ओळींत असायला हवे. नुसते ‘सोन्याची साखळी’ एवढेच लिहिलेली पावती स्वीकारू नये. परत विकताना किंवा बदलताना कोणत्या कसाने आणि कोणत्या वजनाने सोने धरले जाईल, घडणावळ परत मिळत नाही हे तिथेच सांगितले आहे का, आणि तफावत निघाली तर तपासणी कुठे होईल, हे विचारून पावतीच्या मागे लिहून घ्यावे. विक्रेता चांगला असेल तर या प्रश्नांनी तो रागावत नाही. त्याचे काम त्याने सोपेच होते. वजन करताना काटा आपल्याकडे वळवून घ्यावा आणि शून्यावर आलेला पाहावा.

अंगठीचे माप नंतर बदलून घ्यायचे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. अंगठी लहान करताना मागच्या बाजूचा तुकडा कापून टोके जोडतात, आणि छाप नेमका त्याच जागी असला तर तोही तुकड्याबरोबर जातो. काम देण्याआधी छाप कुठे आहे ते बोटाने दाखवावे, तो वाचवून दुसऱ्या जागी कापायला सांगावे, कापलेला तुकडा परत मागावा, आणि अंगठी ताब्यात घेताना भिंगाखाली तो आकडा जागेवर असल्याची खात्री करून घ्यावी.